सालटेवाली मावशी

सालटेवाली मावशी गाडी डोळे मिटून बघायची. गाडी दुकानात लागली की आम्ही बाकीचे तिच्याभोवती फिरायचो, वाकायचो, मोबाइलचा टॉर्च मारून रंग बघायचो. मावशी आधी पदराला हात पुसायची. मग डोळे मिटून उजव्या हाताची बोटं उलटी करायची आणि तापातल्या लेकराचा गाल बघावा तशी दारावरून फिरवायची. डोळे उघडून सांगायची, "इथं हाय, इथं हाय, आन् त्या आरशाखाली थोडा हाय. बाकी साफ." जाहिरातीच्या कागदाचा मागे राहिलेला डिंक नेमका तिथेच निघायचा. मला त्या बोटांचा इतका हेवा वाटायचा, की खोलीवर गेल्यावर मी जेवणाच्या ताटावरून उलटी बोटं फिरवून बघायचो. मला फक्त ताट लागायचं.

हे लिहिणारा मी आठवीत शाळा सोडलेला माणूस आहे. इथे दक्षिणेत, होसूरला, घरापासून हजार कोस दूर, गाड्यांच्या एका मोठ्या दुकानात काम करतो. लिहिताना वेलांटी कुठे चुकेल याची धास्ती असते, आणि आपण सांगतोय ते सांगावं की नाही याची त्याहून मोठी. पण मावशीचे माझ्यावर उपकार आहेत आणि मी तिचा दुस्वास केला आहे. दोन्ही एकाच माणसाबद्दल आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पांढुर्ण्याला सौसर रोडवर आमचं दुकान होतं. गाड्यांवर व्हिनाइल चढवायचं आणि जुनं उतरवायचं. व्हिनाइल म्हणजे गाडीच्या अंगावर चिकटवायचा पातळ प्लॅस्टिकचा कागद. कोणाला काळी गाडी हवी असते, कोणाला गाडीभर जाहिरात. मालक तरुण होता, त्याला सगळे भैया म्हणायचे. मी नागपूरला राहून हे काम शिकून आलो होतो, म्हणून मी उस्ताद. चहावालासुद्धा "उस्ताद, कट का फुल?" असंच विचारायचा. आठवी सोडलेल्या माणसाला कोणी उस्ताद म्हणतं तेव्हा त्याला काय वाटतं, ते शिकलेल्यांना कळायचं नाही.

चढवण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. पण आमच्या भागात खरं काम उतरवण्याचं. पेरणीच्या आधी बियाण्यांचे कंपनीवाले भाड्याच्या गाड्यांवर कपाशीची ही एवढाली बोंडं चिकटवतात आणि मोहगाव, बोरगाव, जिकडे रस्ता जातो तिकडे फिरवतात. ऊन असं की बोनेटवर पापड भाजावा. हंगाम संपतो, कंपनीवाले निघून जातात आणि गाडीमालक राहतो. तोवर कागद तडकलेला असतो. ओढला की नखाएवढे तुकडे हाती येतात आणि डिंक सगळा रंगावरच राहतो. त्यावर धूळ बसते. म्हणजे जाहिरात काढली तरी धुळीच्या अक्षरांत ती वाचता येतेच. असा डिंक मी थिनर आणि ब्लेडने काढायचो. लवकर निघायचा. कधीकधी रंगही निघायचा. तेव्हा मी म्हणायचो, "कंपनीचा रंगच कच्चा आहे."

मावशी दुकानात आली ती फडकी धुवायला. त्याआधी तिची सगळी उमर संत्र्याच्या मंडीत निवडणीला गेली होती. मंडीत निवडायचं मशीन लागलं आणि बायका घरी बसल्या. ती आमच्या मागच्या नळावर फडकी धुवायची, दुपारी भिंतीला टेकून भाकर खायची, वर एक संत्रं. एकदा मी एका पांढऱ्या गाडीच्या दाराशी सकाळपासून झटत होतो. जेवून आलो तर त्या दारावर हातभर जागा आरशासारखी लखलखत होती. बाजूला मावशी संत्र्याचं सालटं दुमडून, त्यातून उडणारा रस डिंकावर पिचकारत उभी.

"मावशी! काय करून राहिल्या?"

"काही नाई, उस्ताद. सालटं फेकाले जाऊन राहिली होती. म्हटलं, मंडीत पेटीवरचे कागद आम्ही याच्यानंच काढत होतो, पाहू इथं जमते का."

जमलं होतं. भैयाने बोट फिरवून बघितलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "अरे वा! खुशबू भी आती है." त्या दिवसापासून फडकी मी धुवावी असं कोणी म्हटलं नाही, पण मला तशी भीती वाटायला लागली.

पुढे तिने त्याची रीतच बसवली. बसस्टँडवरच्या रसवाल्याकडून सालटी आणायची, आतलं पांढरं खरवडून काढायची आणि गोड्या तेलात घालून बरणी दुकानाच्या गच्चीवर उन्हात ठेवायची. वापरायला घरचा कापूस. त्यातली सरकी ती स्वतः बोटांनी वेचायची. एक सरकी राहिली तर रंगावर ओरखडा. तेलात बुडवलेला कापसाचा बोळा डिंकावर थापायचा आणि बाजूला बसायचं. या बसण्याचाच मला राग यायचा. मी म्हणायचो, "मावशी, घासा ना. बसून काय राहिल्या?"

"त्याले थोडं टेकू द्या, उस्ताद. घरी पाव्हना आला की तुमी लगेच ऊठ म्हणता का?"

आणि पाहुणा खरंच आपणहून उठायचा. ती तेलाच्या जुन्या कॅनचा कापलेला तुकडा हळूच सरकवायची आणि डिंक साईसारखा गोळा व्हायचा. मग कोमट पाणी, शाम्पू, पुन्हा कोमट पाणी. तेल राहिलं तर त्यावर नवी धूळ बसते, म्हणून ती एकच दार तीनदा धुवायची. शेवटी बोटं उलटी, डोळे बंद.

मला बोचायचं ते वेगळंच. ती मला रोज उस्ताद म्हणायची, अहो-जाहो करायची. त्यात टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण ती मनापासून म्हणायची. गिऱ्हाईक गाडी आणायचं, माझ्यासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "मावशी आहेत का?" तेव्हा मावशीच सांगायची, "हे आमचे उस्ताद. याईले दाखवा आधी." मी गाडी बघितल्यासारखं करायचो. गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून मागे बघत राहायचं. पुढे पुढे चहावालाही पहिला कप तिच्याकडे न्यायला लागला. मी चहा सोडला. चार दिवस कोणाला कळलंसुद्धा नाही, मग परत धरला.

एकदा मी ठरवलं की सालट्यात आहे काय एवढं. रविवारी दुकान बंद असताना एका ड्रायव्हरची गाडी घेऊन बसलो. पांढरं खरवडायला कोण बसतं? मी आख्खी सालटी, फोडींचा रस, सगळं ठेचून बोनेटवर थापलं, मावशीसारखं टेकू दिलं आणि जेवायला गेलो. जेवून मला झोप लागली. सोमवारी सकाळी दुकान उघडलं तर भिंतीपासून बोनेटपर्यंत मुंग्यांची रांग. काळ्या मुंग्या एका बाजूने, लाल मुंग्या दुसऱ्या बाजूने. मावशीने बघितलं, पदर तोंडाला लावला.

"उस्ताद, यायनं गाडी बुक केली का?"

सगळे हसले. मीही हसलो. नंतर तिने स्वतः ती गाडी धुतली आणि जाता जाता मला सांगितलं, "रस नाई घ्याचा. नुसतं सालटं. आन् पांढरं कायले ठेवता?" म्हणजे सगळी विद्या तिने मला फुकटात, मुंग्या झटकता झटकता देऊन टाकली. ती लपवून ठेवती तर मला बरं वाटलं असतं. चोरायला काही राहिलंच नाही.

अशात भैयाने जाहीर केलं, की दिवाळीनंतर तो सौसरला दुसरं दुकान टाकतो आहे. "तिथं एकाला पूर्ण जिम्मेदारी देणार. आपल्यातूनच." 'आपल्यातूनच' म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग मावशीकडे. मला ते दुकान हवं होतं. किती हवं होतं ते सांगायला लाज वाटते. सौसरला माझी शाळा होती, जिथून मी दप्तर उचलून निघालो ते परत गेलो नाही. त्याच रस्त्यावर शटर वर करायचं, मास्तरांनी जाता-येता बघायचं, एवढंच मला आयुष्यात पाहिजे होतं. आणि मला वाटत होतं, की ते फडकी धुवायला आलेल्या बाईच्या हाती जाणार.

तेव्हाच मोहगावच्या एका गुरुजींचा फोन आला. गुरुजींची पांढरी गाडी त्यांच्या भाच्याने हंगामभर बियाण्याच्या प्रचाराला लावली होती. आता गुरुजी त्याच गाडीने शाळेत जायचे आणि पोरं त्यांना बोंड गुरुजी म्हणायची. "उद्या गाडी पाठवतो," गुरुजी म्हणाले, "पण एक सांगतो. बोनेटचा रंग कंपनीचा नाही. शेतातला रोही आडवा येऊन आदळला होता, तेव्हा बोरगावला मारून घेतला. रंग हलका आहे. बाकी गाडीसारखं ओढू नका. सांगाल ना तुमच्या माणसांना?"

"सांगतो, गुरुजी," मी म्हणालो.

हाताने मारलेल्या हलक्या रंगावरून व्हिनाइल नेहमीसारखं ओढलं तर रंग कागदाबरोबर उठून येतो. मला हे माहीत होतं. आमच्या कामात एवढं कोणालाही माहीत असतं. भैयाने गाडी बघताच म्हटलं, "ही मावशीला द्या." मी फोनबद्दल कोणालाच काही सांगितलं नाही. मनात म्हटलं, विचारलं तर सांगीन.

आणि तिने विचारलं. बोंडावरूनच तिने बोटं फिरवली, डोळे मिटून, बोनेटपाशी थोडी जास्त वेळ. मग म्हणाली, "उस्ताद, या गाडीबद्दल गुरुजी काही बोलले का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग दारं घेतली, छत घेतलं, डिक्की घेतली. बोनेट शेवटी ठेवलं. दुसऱ्या दिवशी बोनेटचा एक कोपरा अर्ध्या बोटाएवढा उचलला आणि तिथेच थांबली. परत दाबून बसवला.

"हे फोपसं हाय," ती म्हणाली.

फोपसं हा मंडीतला शब्द. वरून संत्रं टवटवीत दिसतं, पण आत साल फोडीपासून सुटलेली असते. निवडणाऱ्या बाईला ते हातात घेताच कळतं. मी पाच पावलांवर उभा होतो. अजूनही सांगता आलं असतं. मी कागद तापवायच्या हीट गनची वायर गुंडाळत राहिलो.

त्या बोनेटवर तिने दोन दिवस घालवले. हीट गन लावली नाही. कोमट पाण्याची फडकी ठेवायची, कागद वर न ओढता मागच्या मागे, अगदी झोपवून, चिमटीचिमटीने सोडवायचा. डिंकाला दुप्पट वेळ टेकू द्यायचा. जेवायलाही ती उठली नाही. इतकं करूनसुद्धा वायपरजवळ एका जागी नखाएवढा रंग कागदाबरोबर आलाच. तिने तो टवका तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत बसली. तो मी काढला होता, तिच्या हातून.

गुरुजी गाडी न्यायला आले. सगळी गाडी फिरून खूश झाले आणि वायपरपाशी थांबले. "मी फोनवर सांगितलं होतं," ते भैयाला म्हणाले. रागावले नाहीत, गुरुजी लोक रागवण्याऐवजी वाईट वाटून घेतात, ते जास्त लागतं. "बोनेट बोरगावला मारलंय म्हणून स्पष्ट सांगितलं होतं."

भैयाने आमच्याकडे बघितलं. "फोन कोणी घेतला होता?"

सौसरचं शटर मला खाली येताना दिसलं.

"उस्तादनं घेतला होता," मावशी म्हणाली. "त्याईनं मले सांगितलं होतं, भैया. मीच भुलली. वय झालं आता."

ती हे बोलली तेव्हा कापसातली सरकी वेचत होती. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. भैयाची मान एकदा हलली आणि मला कळलं की ठरलं. गुरुजींना बोनेट नवीन मारून देण्याचं त्याने कबूल केलं आणि दिवाळीनंतर सौसरच्या दुकानाची चावी माझ्या हातात आली.

पाहिजे होतं ते मिळालं होतं. शाळेच्या रस्त्यावर शटर वर करायचो, मास्तर जाता-येता बघायचेही. पण दुकान उघडून आठवडा झाला नाही तोच एक गाडीवाला आला आणि म्हणाला, "पांढुर्ण्याच्या मावशी इथं कोणत्या दिवशी येतात?" मी म्हणालो, "येत नाहीत." "मग मी तिकडेच जातो." असे खूप आले. मीसुद्धा कठीण डिंक असला की म्हणायचो, पांढुर्ण्याला न्या. हे दुकान तिने मला दिलं आहे, हे तिला आणि मला दोघांनाच माहीत होतं, आणि ती कोणाला सांगणार नाही याचीच मला जास्त भीती होती. वर्षभर काढलं. मग होसूरला माणसं पाहिजेत असं कळलं, तेव्हा घरी सांगितलं की पुढचं शिकायला जातो. निघताना गाडी पांढुर्ण्यावरूनच गेली. रेल्वे दोन मिनिटं थांबते. दुकान स्टेशनपासून लांब नाही. मी खिडकीशी बसून राहिलो.

इथल्या दुकानात डिंक काढायला कंपनीची बाटली मिळते. पहिल्या दिवशी ती हातात दिली तेव्हा बघितलं, लेबलवर संत्र्याचं चित्र. बूच उघडलं आणि मला सौसर रोडची दुपार आठवली. इथल्या साहेबांनी तिचा उपयोग इंग्रजीत समजावला: लावा, थांबा, घासू नका, चांगलं धुवा. सगळ्यांना वाटलं मी फार लवकर शिकलो. साहेब म्हणाले, याला कोणीतरी चांगलं शिकवलेलं दिसतं. इथे मी आज जो काही आहे, पोटाला मिळतं आहे, घरी पैसे पाठवतो आहे, तो त्या सरकी वेचणाऱ्या हातांमुळे आहे. हे मी साहेबांना सांगितलं नाही. खरं तर कोणालाच सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात भैयाचा सहज फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "मावशीजवळ आता मोहगावची एक बाई लागली आहे कामाला. दोन लेकरांची आई आहे. मावशी तिचा हात हातात धरून शिकवून राहिली. डोळे मिटायला लावते." मी हसून 'बरं झालं' म्हणालो. फोन ठेवला आणि छातीत तीच जुनी आग. हात हातात धरून! मला तर तिने कधी धरून शिकवलं नाही. मग आठवलं, मी हात पुढे केला होता कधी?

तीन दिवस हिंमत गोळा केली आणि भैयाकडून नंबर घेऊन दुपारी तिच्या जेवणाच्या वेळेला फोन लावला.

"कोण?"

"मावशी, मी. उस्ताद."

"अगं बाई! कुठं हाय? बरा हाय ना? जेवला का?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला अहो-जाहो केलं नाही. मी जे पाठ केलं होतं ते एका दमात म्हणून टाकलं. गुरुजींनी सांगितलं होतं, मी लपवलं, तुमच्या हातून बिघडावं म्हणून लपवलं.

"हाव," ती म्हणाली. "माहीत हाय."

"मुद्दाम लपवलं हे कोणी सांगितलं?"

"तूच. मी विचारलं, तर तू लई लवकर नाई म्हटलं. माणूस आठवून पाहते, मंग नाई म्हणते."

"मग भैयासमोर माझं नाव का नाही घेतलं?"

"कायले घेऊ? तुले सौसरले जायचं होतं. मले कुठं जायचं होतं? बसमधी बसलं की मले मळमळते. भैयाले मी आधीच सांगून ठेवलं होतं, मी पांढुर्ण्याच्या बाहेर जात नाई."

आधीच. म्हणजे बोनेटच्या आधीच. मी ज्याच्यासाठी एवढं केलं, ते पहिल्यापासून माझंच होतं. पलीकडून तिच्या चावण्याचा आवाज येत होता, संत्रं असावं.

"त्या मोहगावच्या बाईला सगळं शिकवता म्हणे," मी म्हणालो. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

मावशी हसली. मुंग्यांच्या दिवशी हसली होती तशी, पण आज पदर आड नसावा.

"अजून जळून राहिला का रे?"

"हाव, मावशी," मी म्हणालो. या वेळी आठवून पाहिलं आणि मग म्हणालो.

"मंग ये ना एखाद वेळी," ती म्हणाली. "हात घेऊन ये. तिले शिकवून झालं की तुले शिकवते." तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "मावशी, हे फोपसं हाय का पाहा ना," आणि मावशी "आली, आली" म्हणत फोन तसाच चालू ठेवून उठली. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. पाण्याची बादली सरकली. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. दोघींनी डोळे मिटले असतील.